सोमवारी चेक घ्या, पण सही करताना एक ओळ लिहा

पत्र थोडक्यात असं आहे. वाचकाचं वय ५२, त्यांची दोन एकर जमीन कालव्यासाठी गेली आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली ८० लाखांचा निवाडा (मोबदला ठरवणारा सरकारी निर्णय) झालाय. एजंट म्हणतोय वर्षाला ८ लाख असे १० वर्षं पॉलिसीत भरा, २० वर्षांनी १ कोटी ६० लाख गॅरंटीड, शिवाय मोबदल्यावरचा टॅक्स पण वाचेल. की त्यापेक्षा ६० लाखांचा फ्लॅट घेऊ, तो १५ वर्षांत चौपट होईल, असा त्यांचा प्रश्न आहे. आणि अगदी शेवटी लिहिलंय, "जमीन सरकारने जप्तच केली, विहीर आणि ४० आंब्याची झाडं धरलीच नाहीत, पण जप्तीत भांडून काय मिळणार, सोमवारी सही करून चेक घेतो."

अहो, पॉलिसी राहू दे बाजूला, तुमचं खरं नुकसान सोमवारी होणार आहे.

आधी तो जप्ती शब्द डोक्यातून काढा. जप्ती होते कर्ज थकलं, टॅक्स बुडवला, गुन्ह्यातला पैसा सापडला तर. तुमचं झालंय ते संपादन, तुम्ही काही चुकीचं केलेलं नाही, सार्वजनिक कामासाठी जमीन लागली म्हणून सरकारने ती घेतली आणि त्याची पूर्ण किंमत देणं सरकारवर बंधनकारक आहे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिला नाही हे खरं, पण कलम ३००अ आहेच, कायद्याशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येत नाही. मोबदला म्हणजे उपकार नाही, तुमचं येणं आहे ते.

आता हिशोब बघा. २०१३ च्या कायद्यात जमिनीबरोबर विहीर, झाडं, उभं पीक सगळं धरायचं असतं, आणि कालव्याने शेताचे दोन तुकडे झाले असतील तर त्या तुकडे पडण्याचं नुकसान पण वेगळं मागता येतं. विहिरीचे ३ लाख धरू, झाडाला १० हजार म्हणजे ४० झाडांचे ४ लाख, झाले ७. त्यावर तेवढीच दिलासा रक्कम, म्हणजे जमीन सक्तीने घेतली म्हणून कायद्याने मिळणारी जादा रक्कम, असे एकूण १४ लाख. माझे आकडे अंदाजाचे आहेत, खरं मूल्यांकन जाणकाराकडूनच करून घ्या, पण एवढी रक्कम "जाऊ दे" म्हणण्यासारखी आहे का तुम्हीच सांगा.

आणि अडचण अशी की हरकत न नोंदवता पैसे घेतले तर वाढीव मोबदल्याचा अर्ज करायचा हक्कच जातो, कलम ७७ तसं स्पष्ट सांगतं. म्हणून पावतीवर स्वतःच्या हाताने लिहा, "रक्कम कमी असल्याने वाढीव मोबदल्याचा हक्क राखून, अंडर प्रोटेस्ट स्वीकारत आहे", आणि त्याखाली सही. असं लिहून पैसे घ्यायची मुभा कायद्यानेच दिलीय, त्यामुळे कोणी चेक अडवायची भीती घातली तर हेच कलम दाखवा. दुसरं म्हणजे कलम ६४ चा अर्ज, वाढीव मोबदला मागायचा तोच. निवाडा जाहीर झाला तेव्हा तुम्ही हजर होता असं लिहिलंय, मग तुम्हाला त्या तारखेपासून सहाच आठवडे आहेत, ४२ दिवस. त्यातले २४ गेले, उरले १८. वकील आजच गाठा. वाढीव रक्कम मंजूर झाली तर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढे १५ टक्क्यांपर्यंत व्याज मिळू शकतं.

पॉलिसीकडे फार वेळ घालवत नाही. हप्ते दहा वर्षांत विभागलेले, म्हणून तुमचा पैसा सरासरी साडेपंधरा वर्षं अडकून दुप्पट होतोय. दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी ७२ ला भागलं की वर्षाचा परतावा साधारण कळतो, तर ७२ ला साडेपंधराने भागा, साडेचार टक्क्यांच्या आसपास येतं. एवढ्यासाठी १० वर्षं हप्ते? आणि टॅक्स वाचवायचा कुठला, २०१३ च्या कायद्याखालच्या मोबदल्यावर कलम ९६ प्रमाणे इन्कम टॅक्स नाहीच! उलट एप्रिल २०२३ नंतरच्या पॉलिसीचा हप्ता वर्षाला ५ लाखांवर गेला की मॅच्युरिटीचा नफा टॅक्सेबल होतो, म्हणजे टॅक्स नव्हता तिथे एजंटने आणून ठेवला. जमीन गेलेल्या माणसाला असं सांगून विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

फ्लॅटचं पण तेच. १५ वर्षांत चौपट होईल म्हणता, त्यासाठी दरवर्षी साडेनऊ टक्क्यांच्या वर वाढ लागते, न चुकता. ६० लाखांच्या फ्लॅटला १३ हजार भाडं म्हणजे अडीच टक्के, त्यातून मेंटेनन्स जाणार. सध्या पैसे सरकारी बँकेत सहा महिन्यांच्या एफडीत टाका, घाई कसलीच नाही.

घाई त्या १८ दिवसांची आहे. संयुक्त मोजणीच्या नकाशाची आणि पंचनाम्याची नक्कल काढा, विहिरीची सातबारावर नोंद आहे का बघा, झाडं तोडली नसतील तर उद्याच प्रत्येक झाडाचा फोटो घ्या. अर्ज दिला की तारखेच्या शिक्क्याची पोच मागून घ्या, आणि ती हातात आली की मला लिहा, मग ८० लाखांचं नीट बोलू.