रिकॉलमध्ये गाडी ‘ओके’ झाली आणि दोन महिन्यांत इंजिन बसलं

गाडीघोड्याचे प्रश्न : वाचकांची पत्रं आणि आमची उत्तरं

या वेळी पत्रं बरीच आलीत पण एका पत्रावरच अर्ध्याहून जास्त जागा जाणार आहे, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न : नमस्कार काका, मी म्हसरूळला राहतो, माझी डिझेल पिकअप आहे, स्वतःच चालवतो, सीझनला पिंपळगावहून टोमॅटो भरून वाशीला टाकतो. पोळ्याच्या आसपास कंपनीचा मेसेज आला की इंजिनमधल्या बेरिंगचा प्रॉब्लेम निघालाय, गाडी आणा, फ्रीमध्ये करून देतो. सकाळी सोडली, संध्याकाळी दिली, ऑइल-फिल्टर बदललं म्हणाले आणि कागदावर ‘रिकॉल क्लोज’ असा शिक्का. त्यानंतर गाडी ६,२०० किमी चालली. आता दिवाळीच्या तोंडावर वाशीला माल खाली करून परत येताना कसारा घाटात, मागे नुसते रिकामे कॅरेट, आधी टकटक सुरू झाली, मग ऑइलचा लाल दिवा आणि बाजूला घेईपर्यंत खाडकन बंद. सेल्फ मारला तर इंजिन फिरतच नाही. टोचन करून नाशिकला आणली. सर्व्हिसवाले म्हणतात रिकॉलचं काम झालेलंय, हा वेगळा प्रॉब्लेम आहे, तुम्ही ओव्हरलोड चालवता, वॉरंटीत बसणार नाही, २ लाख १० हजार खर्च, इंजिन खोलायला सही द्या. वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किमी आहे, गाडीला अडीच वर्षं झालीत आणि ७८ हजार चाललीय. हप्ता चालू आहे. घरचे म्हणतात देऊन टाक सही. काय करू?

उत्तर : भाऊ, सही देऊ नका. म्हणजे द्या, पण मी सांगतो ते वर लिहून द्या.

आधी तो शिक्क्याचा कागद काढा. शिक्का सोडा, त्याच्या वरच्या ओळी वाचा, म्हणजे जॉबकार्डवर काम काय केलं असं लिहिलंय ते. कारण रिकॉल म्हटलं की आपल्याला वाटतं खराब पार्ट काढून नवा टाकला. तसं दरवेळी नसतं. बऱ्याच रिकॉलमध्ये आधी नुसती तपासणी असते, तपासणीत गाडी पास झाली तर ऑइल बदलून किंवा सॉफ्टवेअर टाकून परत देतात आणि नापास झाली तरच इंजिन खोलतात. तुमची गाडी सकाळी दिली, संध्याकाळी मिळाली, यातच उत्तर आहे. क्रँकची, म्हणजे इंजिनातल्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याची, बेरिंगं बदलायची तर ऑइल चेंबर उतरवावा लागतो, बहुतेक वेळा इंजिनच खाली घ्यावं लागतं, ते एका दिवसात करून धुऊन-पुसून कोण देतं हो? म्हणजे तुमचं बेरिंग कोणी बदललेलं नाही, ‘पास’ ठरवलंय. ज्या बेरिंगला त्यांनी पास म्हटलं तेच ६,२०० किमीवर गेलं असेल तर ‘हा वेगळा प्रॉब्लेम’ कसा, हे त्यांनी सांगायचंय, तुम्ही नाही.

आता हे बेरिंग म्हणजे काय ते थोडं सांगतो, कारण उद्या तुमच्यासमोर इंजिन खोलतील तेव्हा काय बघायचं ते कळलं पाहिजे. क्रँकशाफ्ट जिथे इंजिनच्या ब्लॉकमध्ये बसतो तिथे, आणि पिस्टनचा कनेक्टिंग रॉड क्रँकला जिथे जोडतो तिथे, पातळ पत्र्याच्या अर्धगोल वाट्या असतात, ब्लॉकमधल्या त्या मेन आणि रॉडमधल्या त्या बिगेंड असं गॅरेजवाले म्हणतात. लोखंड लोखंडावर फिरत नाही, मध्ये ऑइलचा पापुद्रा असतो, त्याची जागा मिलिमीटरच्या काही शतांश इतकी. क्रँक घासताना माप जरा चुकलं, किंवा कारखान्यात मशीनिंग करताना उडालेला कीस ऑइलच्या भोकात राहिला, तर तो पापुद्रा फाटतो आणि मग धातूला धातू लागतो, आधी टकटक, मग वाटी फिरते, मग जाम. तुम्ही लिहिलंय तोच क्रम.

खोलताना त्या वाट्या हातात घेऊन बघा. कीस गेला असेल तर वाटीवर गोल गोल खोल ओरखडे दिसतात, कधी कधी त्यात चमकणारा कण रुतलेलाही सापडतो. ऑइल कमी पडलं असेल तर सगळ्याच वाट्या निळ्या-काळ्या पडून पुसल्यासारख्या होतात. आणि लोडचा मार असेल तर तो जास्त करून बिगेंडच्या वरच्या वाटीवर दिसतो, कारण पिस्टनचा दणका तिच्यावर येतो. इंजिन नुसतं तापून गेलं असेल तर पिस्टन आणि लायनरवर उभे चरे आणि हेड गॅसकेटची बोंब. हे सगळं फोटोत येतं. पण एकदा का वाट्या भंगारच्या डब्यात गेल्या की मग ‘ओव्हरलोड होता’ हे वाक्य जन्मभर तुमच्या मागे.

म्हणून सहीच्या वर आपल्या हाताने लिहा : इंजिन माझ्यासमोर, फोटो-व्हिडिओ काढत खोलायचं, काढलेला एकही पार्ट, ऑइल आणि फिल्टर माझ्या लेखी परवानगीशिवाय फेकायचा नाही, ही फक्त तपासणीची परवानगी आहे, खर्चाची नाही. याचा फोटो घ्या, कॉपी घ्या. ‘असं लिहिता येत नाही साहेब, सिस्टीममध्ये बसत नाही’ म्हणतील, तर हाच मजकूर ईमेलने कंपनीच्या कस्टमर केअरला आणि सर्व्हिस सेंटरला पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं झालं असेल तर ते डिलीट करू नका, अ‍ॅडव्हायझरच्या व्हॉइस नोटसुद्धा. आणि गाडी उभी राहिली की रोजचं पार्किंग लावू म्हणतात, त्याला घाबरून घाईत सही करणारे मी चिक्कार बघितलेत. तेही लेखी मागा, सहसा देत नाहीत.

खोलायच्या आधी स्कॅनर लावून रिपोर्टची प्रिंट घ्या. फॉल्ट कोड कुठला आणि कितव्या किलोमीटरला आला हे बऱ्याच गाड्यांच्या कंप्युटरमध्ये साठलेलं असतं. ऑइल काढताना थोडं स्वच्छ बाटलीत भरून दोघांच्या सहीचं लेबल लावून सील करा. फिल्टर कापून बघायला सांगा, आत धातूची चमकी सापडली तर घडी पसरून फोटो.

आता ओव्हरलोडचं. रागावू नका पण विचारतो, तुम्ही कॅरेट किती भरता? पिंपळगावला टोमॅटोचं कॅरेट २० किलोचं धरतात, उदाहरणार्थ ८५ कॅरेट म्हणजे १,७०० किलो निव्वळ माल, कॅरेटचं वजन वेगळं. आरसीवरचं पासिंग, म्हणजे किती वजन भरायची परवानगी आहे ते, काढा आणि स्वतःशी हिशोब करा, मला नका सांगू. समजा थोडं जास्त भरलं असेल, तरी ओव्हरलोड गाडी आधी पाटे, क्लच आणि टायरला बोलते. त्यांनी ओव्हरलोड म्हणायचं असेल तर कुठल्या दिवशी, किती वजन, कशावरून, हे दाखवावं. तुमच्याकडे उलटा पुरावा आहे की. वाशीची माल उतरवल्याची पावती आहे, फास्टॅगमध्ये घाटाआधीच्या पडघ्याजवळच्या नाक्याची परतीची एंट्री आहे आणि घाटानंतरच्या घोटीच्या नाक्याची परतीची एंट्रीच नाही किंवा टोचनवाल्या गाडीबरोबरची आहे. म्हणजे गाडी रिकामी होती आणि मधेच बसली हे मशीनच सांगतंय. फास्टॅगचं स्टेटमेंट आजच डाउनलोड करून ठेवा. टोचनवाल्याची पावती नसेल घेतली तर जाऊन घ्या, कसाऱ्यापासूनचं भाडं काय थोडं नसणार.

एक मात्र तुमचं चुकलं, टकटक सुरू झाली तेव्हाच गाडी सुरक्षित बाजूला घेऊन इंजिन बंद करायला हवं होतं, लाल दिव्यापर्यंत थांबायचं नसतं. घाटात ते सोपं नाही, मागून एसटी हॉर्न मारत असते, मान्य. पण समोरचा वकील हा प्रश्न विचारणार म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

पैशाचं आणि कायद्याचं. वॉरंटी तुम्ही लिहिलीय तशी असेल तर गाडी अजून वॉरंटीतच आहे, रिकॉल झाल्याने ती संपत नाही. आधी कंपनीला, नुसतं सर्व्हिस सेंटरला नाही, लेखी नोटीस द्या. मग १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, तिथे नोंद केली की कधी कधी कंपनीचं वरचं ऑफिस एकदम गोड बोलायला लागतं. नाही जमलं तर नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं ऑफिस कुठेही असो, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. ५० लाखांपर्यंत किंमत मोजलेल्या वस्तूची तक्रार जिल्ह्यालाच चालते, फी म्हणाल तर ५ ते १० लाखांच्या गाडीला २०० रुपये, १० ते २० लाखांच्या गाडीला ४००. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. कायद्यात ३ महिन्यांत, आणि पार्ट लॅबला पाठवायचा असेल तर ५ महिन्यांत निकाल असं लिहिलंय, पण ते कॅलेंडर कोर्टात चालत नाही हे तुम्हाला ठाऊकच असेल, त्यामुळे हप्त्याची सोय वेगळी बघा, बँकेला आत्ताच सांगा.

ते म्हणतील पिकअप धंद्याची गाडी आहे, तुम्ही ग्राहकच नाही. घाबरू नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः चालवायला घेतलेली गाडी असेल तर तुम्ही ग्राहकच, सुप्रीम कोर्टाने १९९५ सालीच ट्रकचं उदाहरण देऊन हे सांगितलंय. म्हणून तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा की मी स्वतः चालवतो आणि घर याच गाडीवर चालतं.

प्रश्न : अमेरिकेतल्या पिकअपचं रिकॉल झाल्यावरही इंजिनं गेली असं मुलगा फोनवर सांगत होता. एवढ्या मोठ्या कंपन्यांचं असं होतं? (नाशिकरोड)

उत्तर : होतं की. एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सने ६.२ लिटरच्या व्ही-८ पेट्रोल इंजिनासाठी रिकॉल काढलं, २०२१ ते २०२४ मॉडेलच्या सिल्वराडो आणि सिएरा पिकअप आणि त्याच इंजिनाच्या टाहो, युकॉन, एस्कलेड वगैरे मोठ्या गाड्या, एकट्या अमेरिकेत जवळपास ६ लाख. कारण तेच वर सांगितलेलं, कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्टमधला कारखान्यातला दोष, ऑइलच्या वाटेत राहिलेला गाळ आणि क्रँकचं माप-फिनिश चुकलेलं. उपाय काय, तर तपासणी, नापास झाली तर इंजिन दुरुस्त किंवा बदलून आणि पास झाली तर ०डब्ल्यू-२० च्या जागी जाड ०डब्ल्यू-४० ऑइल, नवा फिल्टर आणि ऑइल भरायच्या जागेचं नवं झाकण. त्यानंतरही इंजिन गेल्याच्या तक्रारी मालकांनी तिथल्या सरकारी रस्ता सुरक्षा खात्याकडे नोंदवल्या.

माझं मत विचाराल तर जाड ऑइलने गरम इंजिनात पापुद्रा जाड राहतो हे खरं, पण चुकीच्या मापाचा क्रँक काही ऑइलने सरळ होत नाही. आपल्या आज्या गुडघ्याला तेल लावायच्या तसं आहे ते, बरं वाटतं. टोयोटाने २०२४ मध्ये टुंड्रा पिकअपला कारखान्यातल्या किसामुळे रिकॉल काढलं, लेक्सस धरून साधारण १ लाख २ हजार गाड्या, तिथे अख्खं इंजिनच बदलून द्यायचं ठरवलं. खर्च बघा केवढा. पण मालकाला झोप लागते.

आपल्याकडेही मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ११०अ कलम आलंय, सदोष गाड्या परत मागवायचा हुकूम केंद्र सरकार कंपनीला देऊ शकतं, नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत आणि दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. मात्र कंपनीने दोष स्वतःहून कळवून रिकॉल काढलं तर या दंडातून सूट, म्हणून सगळं ‘स्वेच्छेने’ चाललेलं दिसतं. तक्रार गाडीच्या नंबरावर सरकारी वाहन पोर्टलवर करता येते. म्हसरूळच्या भाऊंनीसुद्धा तिथे नोंदवा, एकट्याच्या तक्रारीने काही होत नाही पण ठरावीक टक्के मालकांच्या झाल्या की सरकारला बघावं लागतं, आणि टोमॅटोच्या लाइनीत तुमच्याच मॉडेलचे आणखी कितीजण उभे असतात, विचारा त्यांना.

प्रश्न : सेकंडहँड पिकअप घेतोय, रिकॉल बाकी आहे की नाही कसं कळणार? (सिन्नर)

उत्तर : आरसीवरचा १७ अक्षरांचा चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाका, किंवा सर्व्हिस सेंटरला फोनवर सांगा. मेसेज पहिल्या मालकाच्या मोबाइलवर जातात, तुम्हाला कोणी कळवणार नाही, म्हणून नाव बदललं की कंपनीकडे नंबरही बदलून घ्या. आणि ‘झालंय रिकॉल’ म्हणाले तर जॉबकार्ड मागा, पास होऊन आलीय की पार्ट बदलून. सकाळी गार इंजिन स्वतः चालू करून ऐका, विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या म्हणा.

प्रश्न : माझ्या तीन पिकअप आहेत, ड्रायव्हर ठेवलेत. मलाही ग्राहक आयोगात जाता येईल? (सातपूर)

उत्तर : तुमचं अवघड आहे. मदतीला एखादा माणूस ठेवला तर चालतं, पण तीन गाड्या आणि तिन्हीवर ड्रायव्हर म्हणजे समोरचा वकील पहिल्याच तारखेला व्यापारी हेतू म्हणून उभा राहणार. वकिलाला कागद दाखवा, दिवाणी दाव्याचा रस्ता आहेच. वॉरंटीची पुस्तिका मात्र तीन गाड्यांना आणि एका गाडीला सारखीच असते, तिच्यावर भांडा.