‘बाईंनी विचारलं तर बरं आहे म्हण’

ताई,

माझी मुलगी दुसरीत आहे. थंडी सुरू झाल्यापासून तिच्या वर्गात सर्दी-खोकल्याची रांग लागली आहे. शाळेने हिवाळ्यातल्या आरोग्याच्या सवयींचं पत्रक पाठवलं, ते मी फ्रिजवर लावलं. हात धुणं, शिंकताना तोंडापुढे कोपर धरणं, दुसऱ्याच्या बाटलीला तोंड न लावणं, वेळेवर झोपणं, सगळ्याचा तक्ता केला आहे आणि रोज चांदण्या देते. तरीही या हंगामात ती तीनदा आजारी पडली. वर्गातले काही पालक आजारी मुलांना खुशाल शाळेत पाठवतात, मग आमच्या कष्टांचा काय उपयोग? (आमच्याकडूनही गेल्या महिन्यात एकदा झालं. सकाळी अंगात थोडी कसर होती, पण पूर्ण हजेरीचं प्रमाणपत्र हुकायला नको म्हणून औषध देऊन पाठवली. बाईंनी विचारलं तर बरं आहे म्हण, एवढं सांगून ठेवलं होतं. दुपारी शाळेतून फोन आला.) आता नवीनच. दोन आठवड्यांपूर्वी तिचा कान दुखत होता आणि ती दोन दिवस एका शब्दाने बोलली नाही. रात्री रडत उठली तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, आधीच आणायचं होतं. स्वतःच्या तब्येतीबद्दल इतकी बेफिकीर कशी? हल्ली तर हाक मारली तरी ओ देत नाही. तिला शिस्त कशी लावू, आणि त्या पालकांना कोण समजावणार?

– दमलेली आई

प्रिय दमलेल्या आई,

तुमची लेक बेफिकीर नाही. ती तुमचं ऐकते आहे.

कान दुखत असताना ती गप्प का राहिली याचं उत्तर तुम्हीच लिहून पाठवलं आहे, फक्त ते कंसात घातलं आहे. ‘बाईंनी विचारलं तर बरं आहे म्हण.’ तुम्हाला ते एका सकाळच्या घाईतलं वाक्य वाटतं. तिच्या बाजूने ती सकाळ बघा. अंग तापलंय, डोकं जड आहे, आणि हे आईला ठाऊक आहे, कारण औषध आईनेच पाजलंय. तरी आई सांगते की बरं आहे असं म्हणायचं. सात वर्षांच्या मुलीने यातून काय घ्यायचं? दुखलं तर सांगितल्याने आईची अडचण होते, हजेरी बुडते, सगळं बिघडतं. न सांगितलं तर सगळे खूश. पुढे कान ठणकायला लागला तेव्हा तिने अगदी हेच केलं. दोन दिवस सोसलं. शिस्त तिला लागलेली आहे, आणि हीच मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट आहे.

तुम्ही वाईट आई आहात असं मी म्हणत नाही. पण तुमच्याबद्दल कळवळून दोन वाक्यं लिहावीत असंही मला आज वाटत नाही. माझा जीव तुमच्या लेकीपाशी अडकलाय.

त्या दिवशी रजा मिळत नव्हती, घरी सांभाळायला कुणी नव्हतं, असं तुम्ही लिहिलं असतं तर हे उत्तर वेगळं झालं असतं. आजारी मूल आणि कामाचा दिवस एकाच सकाळी समोर आले की आईबापांची काय ओढाताण होते ते मला रोजच्या पत्रांतून कळतं. तुम्ही मात्र कारण म्हणून प्रमाणपत्र लिहिलंत. इतक्या लहान मुलांना पूर्ण हजेरीचं प्रमाणपत्र देणंच मला चुकीचं वाटतं. आजारी न पडणं हा काही मुलाचा पराक्रम नव्हे, आणि जे पडतं त्याचा दोष नसतो. एकीकडे ‘आजारी मुलांना घरी ठेवा’ असं पत्रक काढायचं आणि दुसरीकडे एकही खाडा न करणाऱ्याला व्यासपीठावर बोलवायचं, हे शाळेने थांबवलं पाहिजे. पालकसभेत बोला. मात्र शाळेची चूक पुढे करून तुमची झाकू नका.

आता त्या औषधाचं. पॅरासिटामॉलचा असर साधारण चार ते सहा तास टिकतो. सकाळी सातला दिलं तर मधल्या सुट्टीच्या आसपास तो ओसरतो आणि ताप परत चढतो. दुपारी फोन आला तो म्हणूनच. औषधाने अंगाचं तापमान उतरतं, मुलाला जरा हुशारी वाटते, आणि त्यासाठी ते जरूर द्यावं. पण विषाणू जिथल्या तिथेच असतो. तो फ्लू असेल तर लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच ते सात दिवस तो दुसऱ्याला लागू शकतो, आणि पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट. म्हणजे त्या सकाळी ती शेजारच्या बाकावरच्या मुलीला खेटून बसली होती, आणि बाईंना खबरदारी घ्यायची संधीच मिळाली नाही, कारण त्यांनी विचारलं असतं तरी त्यांना ‘बरं आहे’ हेच ऐकायला मिळणार होतं.

आजारी मुलांना ‘खुशाल’ पाठवणाऱ्या ज्या पालकांवर तुम्ही चिडला आहात, त्यांच्या घरातही सकाळी हेच घडत असेल. कसर आहे, औषध दिलंय, आजचा दिवस निघून जाईल. त्यांना कोण समजावणार हा प्रश्न तुम्ही मला विचारू नका.

ताप आहे की नाही हे हाताने ठरवू नका, थर्मामीटर लावा. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, किंवा त्याहून जास्त भरला तर तो ताप. त्या दिवशी शाळा नाही. आणि औषध न देता पूर्ण २४ तास ताप आला नाही, तरच शाळा. उलट्या-जुलाब असतील तर ते थांबल्यावर आणखी ४८ तास घरी. नुसतं नाक वाहतंय, खोकला मागे रेंगाळलाय, पण ताप नाही आणि मूल खेळतंय, तर पाठवायला हरकत नाही. सर्दीनंतरचा खोकला दोन-तीन आठवडे राहू शकतो. तेवढे दिवस कुणीच मुलाला घरी बसवू शकत नाही आणि बसवायची गरजही नसते.

तीनदा आजारी पडली याचं इतकं मनाला लावून घेऊ नका. या वयाच्या मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं सर्वसाधारण धरलं जातं, आणि त्यातल्या बऱ्याचशा थंडीतच येतात. सर्दी करणाऱ्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून जास्त प्रकार आहेत. एकाशी लढून शरीर तयार होतं तोवर दुसरा दारात असतो. त्यात थंडीमुळे खिडक्या बंद, मुलं एका खोलीत, हवा तीच. तक्ता करूनही मूल आजारी पडलं म्हणजे तक्ता फसला असं होत नाही. हात साबणाने २० सेकंद धुवायला शिकवलंत ते उत्तम केलंत. बाटलीतल्या सॅनिटायझरवर सगळा भार टाकू नका, कारण हिवाळ्यात उलट्या करवणाऱ्या नोरोव्हायरसवर तो फारसा चालत नाही, तिथे साबण-पाणीच हवं. झोप नऊ ते बारा तास. फ्लूची लस दरवर्षी, ती राहिली असेल तर डॉक्टरांना विचारा. तक्त्याबद्दल मला एवढंच म्हणायचंय.

पण त्या तक्त्यातली प्रत्येक गोष्ट तुम्ही बाहेरून बघू शकता. हात ओले झाले की नाही, कोपर वर गेलं की नाही. कानातला ठणका बाहेरून दिसत नाही. मुलांमध्ये घसा आणि मधला कान जोडणारी नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दीत ती सुजून बंद होते, आत पाणी साचतं, आणि कधी कधी त्यात जंतू वाढतात. ताप थर्मामीटरवर दिसतो, पुरळ डोळ्यांना दिसतं, धाप लागली तर छाती वरखाली होताना दिसते. गिळताना घसा टोचतोय, कपाळ ठणकतंय, कानात काहीतरी भरल्यासारखं वाटतंय, हे मात्र फक्त ती सांगू शकते. डॉक्टरही आधी तिलाच विचारतात, कुठे दुखतं? दुखणं कळायचा तेवढा एकच मार्ग तुमच्यापाशी होता आणि एका प्रमाणपत्रापायी तुम्ही तो बंद केलात.

तो आजच रात्री उघडायचा आहे. तक्त्यात ‘दुखलं की सांगणे’ असा नवा रकाना काढू नका, त्याला चांदणीही देऊ नका. झोपायच्या आधी तिच्याजवळ बसा आणि म्हणा, “त्या दिवशी तुला ताप होता आणि मी तुला ‘बरं आहे’ म्हणायला सांगितलं. ते माझं चुकलं. तुला दुखलं तर मला सांग, बाईंना सांग, कधीही सांग. शाळा बुडली तरी चालेल.” एवढंच. यानंतर ‘पण’ लावू नका. ‘पण तूही कानाचं सांगायला हवं होतंस ना’ हे तुमच्या ओठांवर येईल, ते गिळा. तो एक ‘पण’ आला की तिला फक्त तोच ऐकू येईल. ती काही बोलली नाही, कूस बदलून झोपली, तरी चालेल. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर शाळेत जा आणि तिच्यासमोर बाईंनाही सांगा, की त्या दिवशी ताप असताना मी पाठवलं होतं, तिने खोटं सांगितलं असेल तर ते माझ्या सांगण्यावरून. लाज वाटेल. वाटू दे. लेकीच्या डोक्यावर ठेवलेलं ते ओझं तुमचं आहे, ते तुम्हीच उतरवायचं.

यानंतर ती तुमची परीक्षा घेईल, हे धरूनच चाला. एखाद्या सोमवारी सकाळी पोट दुखतंय म्हणेल आणि तुम्हाला काहीच दिसणार नाही. तेव्हा ‘नाटकं करू नकोस’ हे शब्द तोंडातून जाता कामा नयेत. कुठे दुखतं विचारा, पोटावर हात ठेवून बघा, ताप मोजा, शाळेत काही झालंय का तेही विचारा. खरंच काही नसेल तर शांतपणे शाळेत पाठवा आणि बाईंना सांगून ठेवा, की तिचं पोट दुखत होतं, बघत राहा. तुम्ही तिचं ऐकून घेतलंत आणि बाईंपासून काही लपवलं नाहीत, हे ती बघेल. आणि पुढच्या वेळी खरंच ताप आला की तिला घरी ठेवा, मग ती वर्षातली शेवटची हजेरी का असेना.

शेवटी, ती हाक मारली तरी ओ देत नाही असं तुम्ही सहज लिहून गेलात. कान दुखून गेल्यावर मधल्या कानात पाणी राहू शकतं. ते ओसरायला काही आठवडे, कधी तीन महिनेही लागतात, आणि तोवर ऐकू कमी येतं. टीव्हीचा आवाज वाढवते का, ‘काय?’ असं सारखं विचारते का, पाठ फिरवलेली असताना हाक ऐकते का, ते बघा. आणि शिस्तीचा विचार करण्याआधी याच आठवड्यात तिला कान दाखवायला घेऊन जा.