उष्ण वाळवंटी शहरात राहण्याचे फायदे आणि तोटे काय आहेत?

तुम्ही लिहिलंय की एका वाळवंटी शहरात चांगली नोकरी मिळते आहे, सोबत सहा वर्षांची मुलगी आणि सत्तर वर्षांच्या आई असतील, आणि तिथे पारा ४८ अंशांवर जातो हे वाचल्यापासून झोप उडाली आहे. मी अशा दोन शहरांत मिळून अकरा वर्षं काढली. सहा वर्षं समुद्रापासून लांब, आतल्या भागात. पाच वर्षं किनाऱ्यावर. काम निवासी इमारतींच्या देखभालीचं होतं. एसी, पाणी आणि वीज यांतलं एक जरी बंद पडलं तर त्या हवेत माणसाचं काय होतं, हे मी जवळून पाहिलंय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ते ४८ मनातून काढा. दुपारच्या कमाल तापमानावरून अशा शहराची पारख होत नाही. ज्याला पर्याय आहे तो माणूस दुपारी दोन वाजता गाडीपासून दारापर्यंत, एवढाच उन्हात असतो. विचारायचं ते हे, की ऐन उन्हाळ्यात तिथे रात्री पारा कुठवर उतरतो आणि हवा कोरडी असते की दमट.

हवा कोरडी असेल तर घाम आपलं काम चोख करतो. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. त्यामुळे कोरड्या शहरात ४२ अंशांत सावलीत उभं राहणं मला जमायचं, जे दमट शहरात ३६ अंशांतही जमलं नाही. पण यात एक धोका लपलेला आहे. घाम इतक्या झटकन वाळतो की तो येतोय हेच कळत नाही. संध्याकाळी कपड्यांवर मिठाचे पांढरे डाग दिसले की लक्षात यायचं, आज पाणी कमी पडलं. पहिल्याच उन्हाळ्यात मला उन्हाळी लागली, दोनदा घोळणा फुटला, आणि ओठ तर हिवाळ्यापर्यंत भेगाळलेलेच होते. गरम हवेच्या प्रदेशांत मुतखड्याचं प्रमाण जास्त आढळतं, त्याचंही मोठं कारण हेच, शरीरातलं कमी पडलेलं पाणी. तहान लागायची वाट बघू नका. आणि नुसतं पाणीच ढोसत राहू नका, घामातून मीठही जातं.

किनाऱ्यावरचं वाळवंट ही वेगळीच गोष्ट. तिथे पाऊस नाही, हिरवळ नाही, पण हवेत समुद्राची वाफ भरलेली. एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर धुकं धरायचं आणि मी दारातच आंधळी होऊन उभी राहायचे. सौदी अरेबियातल्या धाहरानमध्ये ८ जुलै २००३ रोजी दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान, ३५ अंश नोंदला गेला होता. आपल्या त्वचेचं तापमानही साधारण तेवढंच असतं, म्हणजे अशा हवेत घाम वाळायला जागाच उरत नाही, तो नुसता निथळतो. कोरड्या शहरात पाण्यावर चालणारा कूलर छान गारवा देतो. किनाऱ्यावर तोच कूलर खोलीचं न्हाणीघर करून टाकतो.

आता रात्रीबद्दल. वाळवंटाच्या रात्री थंड असतात असं आपण शाळेत शिकलो. मोकळ्या वाळवंटात ते खरं आहे. आकाश निरभ्र, हवा कोरडी, त्यामुळे दिवसाची उष्णता भराभर निघून जाते आणि पारा १५-२० अंशांनी उतरतो. शहरात मात्र डांबर आणि काँक्रीट दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ते सोडत बसतात. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला. त्याच जुलैत एका रात्री किमान तापमान ३६.१ अंश होतं. किमान! दिवसभर तापलेल्या शरीराला सावरायला रात्रीचाच वेळ असतो, आणि तोच मिळाला नाही तर त्रास साचत जातो. फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत आहे, तिथे त्या वर्षात उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. मरणाऱ्यांत बेघर माणसं फार होती. घरात जे दगावले त्यांच्यापैकी बहुतेकांकडे एसी होता, पण बंद ठेवलेला किंवा बिघडलेला.

हे वाचताना मला माझ्याच इमारतीतली एक रात्र आठवते. बाहेर अजूनही ३८ अंश असताना रात्री अकराला गच्चीवरची एसीची यंत्रणा बंद पडली. ऐन उन्हाळ्यात अशी यंत्रं ताण सहन न होऊन ट्रिप होतात, हे आम्हाला माहीत होतं. सुट्या भागासाठी मालकांच्या मागे मी दोन महिने लागले होते, पण तो आला नव्हता. दीड तासात वरच्या मजल्यावरच्या खोल्या ३४ अंशांवर गेल्या. तिथे एक वृद्ध जोडपं राहायचं. आजोबा म्हणत होते, मला काही त्रास नाही, मी इथेच झोपतो. पण ते आजींना दुसऱ्याच नावाने हाक मारत होते. बोलण्यात असा घोळ होणं हे उष्माघाताचं लक्षण असू शकतं. आम्ही त्यांना खुर्चीसकट खाली आणलं, ओल्या चादरीत गुंडाळलं, पंखा लावला आणि ॲम्ब्युलन्स बोलावली. ते वाचले. त्या रात्रीनंतर मी कुणालाही सांगताना ‘तिथे सगळीकडे एसी असतो, काळजी नको’ असं म्हटलेलं नाही.

म्हणूनच तुमच्या आईंचा विचार सर्वांत आधी करा. वय झालं की तहान कमी लागते, घामही कमी येतो. लघवी जास्त करवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाची काही औषधं, मनोविकारावरची काही औषधं उष्णतेत जास्त जोखमीची ठरतात. निघण्यापूर्वी त्यांची सगळी औषधं डॉक्टरांपुढे ठेवून स्पष्ट विचारा. आणखी एक: हवा ४० अंशांच्या वर गेली की नुसता पंखा शरीराला आणखी तापवू शकतो. वीज किंवा एसी गेला तर आईंना घेऊन कुठे जायचं, ते घर भाड्याने घेण्यापूर्वी ठरलेलं असू द्या.

इतकं घाबरवून झाल्यावर आता खरं सांगते. ते शहर सोडताना मी रडले होते.

हिवाळ्यासाठी रडले. नोव्हेंबर ते मार्च हे पाच महिने इतके सुंदर असतात की उन्हाळा आठवतच नाही. सकाळी हलका गारवा, दुपारी कोवळं म्हणावं असं ऊन, रात्री गच्चीवर शाल पांघरून बसावं. कार्यक्रम ठरवताना ‘पाऊस आला तर?’ हा प्रश्नच नाही. बर्फाळ प्रदेशातली माणसं हिवाळ्यात घरात कोंडून घेतात आणि उन्हाळ्यात जगतात, इथे नेमकं उलटं. वर्षाची ही उलटापालट एकदा मनाने स्वीकारली की निम्मी तक्रार संपते. माझ्या ओळखीचे जे लोक वर्षभरात कंटाळून परतले, ते जूनमध्येही नोव्हेंबरसारखं जगायला बघत होते.

कोरडेपणाचं सुख ज्यांनी ओल सोसली आहे त्यांनाच कळेल. दोरीवरचे कपडे अर्ध्या तासात कडक वाळतात. पुस्तकांना बुरशी नाही, चामड्याच्या चपलांवर हिरवा थर नाही, भिंतींना पोपडे नाहीत. (किनाऱ्यावर हे विसरा; तिथे खारी हवा लोखंड खाते.) आणि आकाश! शहरापासून तासभर लांब गेलं की आकाशगंगा अशी दिसते की बोलणं थांबतं. माझ्या भाच्याला तिथेच पहिल्यांदा कळलं की तिला गंगा का म्हणतात.

उन्हाची तर लयलूट. अमेरिकेतल्या यूमा शहराला वर्षाकाठी सुमारे ४,००० तास ऊन मिळतं. गच्ची तुमची असेल तर सौरऊर्जा उत्तम चालते, कारण एसीची गरज आणि उन्हाचा जोर बराच वेळ सोबत असतात. गंमत म्हणजे एवढं ऊन असून आखाती देशांत ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते, कारण माणसं उन्हात जातच नाहीत. मुलीला सकाळी लवकर बाहेर न्यायचा नेम ठेवा. उन्हाळ्यात घसरगुंडीला आणि गाडीच्या पट्ट्याच्या बकलला हात लावण्यापूर्वी तुम्ही स्वतः लावून बघा, त्यांनी कातडी भाजते. आणि मुलीला बंद गाडीत एक मिनिटही ठेवू नका.

पाण्याची एक मजेशीर सवय आधीच सांगते. टाकी गच्चीवर असेल तर उन्हाळ्यात थंड पाण्याच्या नळाला चटका बसेल असं पाणी येतं. तिथले जुने रहिवासी मे महिन्यात गीझर बंद करतात. त्याची टाकी घराच्या आत असल्याने त्यातलं पाणी खोलीइतकं गार राहतं. मग आंघोळीला ‘गरम’ नळ सोडायचा, थंडाव्यासाठी!

पण शहराचं पाणी येतं कुठून, हा प्रश्न गमतीचा नाही, आणि घर विकत घ्यायचा विचार असेल तर नक्की विचारा. फिनिक्सला कोलोरॅडो नदीचं पाणी सुमारे ५४० किलोमीटर लांबीच्या कालव्यातून येतं, आणि त्या नदीवर अमेरिकी सरकारला ऑगस्ट २०२१ मध्ये पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर करावी लागली. आखातातली शहरं समुद्राचं पाणी गोडं करून पितात, म्हणजे त्यांच्या नळाचा जीव विजेत आहे. लास व्हेगासमध्ये घरातल्या सांडपाण्यातलं जवळजवळ सगळं पाणी शुद्ध करून परत वापरात आणतात. वाळवंटात राहून हिरवळ जोपासण्याचा हट्ट मला पटत नाही. तिथली काटेरी झाडं आणि खेजडीसारखी सावली देणारी झाडं काय कमी सुंदर आहेत?

धूळ मात्र खरी त्रासदायक. फिनिक्सवर ५ जुलै २०११ ला धुळीची जी भिंत चालून आली, तिची छायाचित्रं जगभर गेली. एरवीही ती खिडकीच्या फटींतून आत येते, एसीच्या जाळ्या दर पंधरा दिवसांनी धुवाव्या लागतात. घरात कुणाला दमा असेल तर कोरडी हवा मानवेल या आशेवर जाऊ नका.

आणि पाऊस. तो येत नाही म्हणून गटारंही बेताचीच असतात, त्यामुळे आला की दैना. दुबईत १६ एप्रिल २०२४ ला विमानतळावर एका दिवसात सुमारे १४० मिलिमीटर पाऊस पडला, वर्षाच्या सरासरीहून जास्त. धावपट्ट्या पाण्याखाली गेल्या. कोरड्या ओढ्याच्या पात्रालगतचं घर कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

माझ्या मते अशा शहराचा सर्वांत मोठा तोटा हवामानाच्या तक्त्यात दिसत नाही. तो असा, की तिथलं ऊन सगळ्यांना सारखं लागत नाही. मी ज्या गारव्यात बसायचे तो गारवा उभा करणारी, दुरुस्त करणारी, त्यासाठी खांब रोवणारी माणसं बाहेर भाजत असायची. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरच्या कामाला बंदी आहे. कतारने २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी दहा ते दुपारी साडेतीन अशी बंदी आणली. चांगलंच आहे, पण सकाळी नऊचं ऊनही ऊनच असतं. म्हणून तुम्हाला थेट विचारते, तुमची नोकरी कार्यालयातली आहे की साइटवरची? साइटवरची असेल तर सावली, पाणी आणि विश्रांतीचे नियम करारात लेखी मागा. आणि नव्या माणसाला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, तेवढे दिवस कामाचा बोजा हळूहळू वाढवायला सांगा. वरिष्ठ याला हसत असतील तर ती नोकरी घेऊ नका, पगार कितीही असो.

कार्यालयातली असेल तर माझं मत: जा, पण घर नीट निवडा. जुन्या लोकांना हे कळत होतं. इराणमधल्या यझ्दचे वारा खाली ओढणारे मनोरे, जैसलमेरच्या अरुंद, एकमेकींवर सावली धरणाऱ्या गल्ल्या, जाड दगडी भिंती. ऑस्ट्रेलियातल्या कूबर पेडीत तर लोक जमिनीखाली घरं कोरून राहतात आणि आत बारा महिने साधारण २४ अंश असतात. तुम्हाला बहुधा काचेच्या उंच इमारतीतला फ्लॅट दाखवतील. सगळ्यात वरचा मजला नको, वर गच्ची तापते. झोपायच्या खोलीची भिंत पश्चिमेला नको.

जमलं तर तुम्ही एकटे आधी जा आणि आई व मुलीला नोव्हेंबरात बोलवा, म्हणजे उन्हाळ्यापूर्वी त्यांना पाच-सहा महिने मिळतील. घर बघायला सकाळी जाऊ नका, ऑगस्टमधल्या एखाद्या दुपारी चार वाजता जा. एसी बंद करायला सांगा, पंधरा मिनिटं आत थांबा, आईंच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला आतून तळहात लावून बघा. मग घरमालकाला विचारा की रात्री दोन वाजता एसी बंद पडला तर फोन कुणाला करायचा आणि तो माणूस किती तासांत येतो. उत्तर द्यायला तो अडखळला, तर दुसरं घर बघा.