मानाचा मुजरा की मानेचा? एका मात्रेची भानगड

प्रश्न असा आलाय: ऐरोलीत कुणाच्यातरी वाढदिवसाच्या बॅनरवर 'मानेचा मुजरा' छापलंय. विचारणाऱ्याचं म्हणणं, मुजरा करताना मान झुकतेच, मग मानेचा म्हटलं तर बिघडलं कुठे, आणि तसंही आदरवाला मान आणि गळ्यामागची मान हा एकच शब्द ना? 'ताठ मानेने जगणे' म्हणतो तेव्हा दोन्ही एकदम येतातच की.

आधी सरळ उत्तर. बॅनर चुकलाय. आदरवाला 'मान' पुल्लिंगी, तो मान, त्याला प्रत्यय लागला की 'माना' होतं: मानाचा, मानाने, मानाला. गळ्यामागची 'मान' स्त्रीलिंगी, ती मान, तिचं 'माने' होतं: मानेचा, मानेने, मानेवर. (बॅनर कुणा माने आडनावाच्या साहेबांनी लावला असेल तर गोष्ट वेगळी, पण तिथेही 'मानेंचा' नाहीतर 'मान्यांचा' हवं.)

आता एकच शब्द आहे का, तर नाही. आदरवाला मान संस्कृत 'मन्' धातूवरून, म्हणजे मानणे, समजणे. लोक तुम्हाला काय मानतात तो तुमचा मान, थोडक्यात तो दुसऱ्याच्या डोक्यात असतो. शरीरातली मान आलीये 'मन्या' या शब्दावरून, मन्या म्हणजे मानेचा मागचा भाग. वैद्य लोक मान आखडण्याला अजून मन्यास्तंभच म्हणतात, म्हणजे आपण जिचं एवढं कौतुक करतो ती ताठ मान आयुर्वेदात रोग म्हणून नोंदलेली आहे! शिवाय तिसरा एक मान आहे, मोजमापाचा, तापमान पर्जन्यमान वाला, तो 'मा' धातूवरून, म्हणजे मोजणे. 'पगाराच्या मानाने घर मोठं घेतलं' यातला मान हा तिसरा. घोडबंदर रोडला राहणाऱ्या माझ्यासारख्याला पहिल्या आणि तिसऱ्या मानातला फरक दर महिन्याच्या हप्त्याला कळतो, मानाने राहायचं म्हणून त्या मानाने न परवडणारं घेऊन बसलोय. आणि मानभावी यातल्या कशातच बसत नाही बरं का, तो 'महानुभाव'चा झिजून झालेला शब्द आणि त्याला आलेला ढोंगीपणाचा अर्थ हा एका पंथावर झालेला अन्यायच आहे, पण ते परत कधीतरी.

तर व्युत्पत्ती वेगळी, पण वापरात मराठीने या दोघांचं लग्न लावून टाकलंय हे विचारणाऱ्याचं निरीक्षण मला पटतं. मान मिळाला की मान वर, गेला की मान खाली. आणि माझं मत विचाराल तर यात एक व्यवहारपण आहे, पुल्लिंगी मानाचं बिल स्त्रीलिंगी मानेच्या नावावर फाटतं. आमच्या घरातलंच सांगतो. ठाण्यात हंडीला 'मानाची' म्हणतात, टेंभी नाक्याची मानाची हंडी सगळ्यांना माहीत आहे, २०१२ ला ठाण्यातच नऊ थर लागून ४३ फुटांच्या वर विक्रम झाला आणि तेव्हापासून प्रत्येक गल्लीतल्या पथकाला अजून एक थर हवाच असतो. मध्ये कोर्टाची २० फुटांची मर्यादा होती, सुप्रीम कोर्टाने ती २०१६ ला कायमपण ठेवली, पण पुढच्याच वर्षी हायकोर्टाने उंचीचं सरकारवर सोडलं आणि १४ वर्षांखालच्या पोरांना चढवायचं नाही एवढं उरलं. माझा भाचा कळव्याच्या एका पथकात चौथ्या थराला असतो. सात लागत होते, आठवा लावायचा होता, सरावात थर कोसळला आणि हा खांद्यावर आणि मानेवर आला. नशिबाने मणका वाचला, पण तीन आठवडे गळ्यात तो जाड फोमचा पट्टा. तर त्याच्या मित्रांनी ग्रुपवर फोटो टाकला, खाली लिहिलं 'आमच्या भावाला मानाचा पट्टा'. महाराष्ट्र केसरीला मानाची गदा, याला मानाचा पट्टा. मी व्याकरणवाला माणूस, हसू आवरेना, एका मात्रेत पोरांनी सगळं सांगून टाकलं होतं. ताई मात्र दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आणि भाचा काय म्हणाला, "मामा, अजून दहा सेकंद धरले असते ना तर आठ लागले होते."

याच कुळातला अजून एक शब्द बघण्यासारखा आहे, मानधन. संस्कृतात मानधन म्हणजे ज्याचं धन मान हेच आहे असा माणूस, स्वाभिमानी वीर वगैरे. मराठीत आपण तो फिरवून मान राखून दिलेले पैसे असा केला, पाहुण्या वक्त्याला पाकीट देताना ठीक आहे. पण अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना महिनाभर राबून जे मिळतं त्यालाही मानधनच म्हणतात, कारण वेतन म्हटलं की मग त्यासोबत येणारं बाकीचं सगळं द्यावं लागेल. मोर्च्यात त्या 'मानधन नको वेतन द्या' म्हणतात तेव्हा ती मला या सगळ्यातली सगळ्यात नेमकी शब्दचर्चा वाटते. मान ठेवा तुमच्याकडे, धन द्या. म्हणजे संस्कृतातला जुना अर्थ त्यांच्या बाबतीत बरोब्बर लागू पडतोय, धन म्हणून हातात फक्त मानच.

आणि गंमत म्हणजे 'मुजरा'चा हिंदी-उर्दूत अजून एक अर्थ आहे, हिशोबातून वजा केलेली रक्कम.

असो, बॅनरवाल्याला कळवायचं असेल तर एवढंच सांगा, 'ने'वरची मात्रा काढून काना द्यायचाय. वाढदिवस झाला असेल तर राहू दे, तो बॅनर एव्हाना कुणाच्यातरी टपरीवर ताडपत्री म्हणून गेला असेल.