आजोळच्या माळ्यावर रंगीत काचेची भांडी सापडली आहेत. ती किती जुनी आहेत हे कसं ओळखायचं?

राजापूरच्या घरात मधाच्या रंगाच्या बश्या, पारदर्शक हिरवी वाडगी आणि बाहेरून पिवळा, आतून पांढरा असा मोठा वाडगा मिळाला, असं तुम्ही लिहिलंय. नुसत्या रंगावरून वय कळत नाही. भांडं पालथं घाला, खरी माहिती बुडावर असते.

बश्यांपासून सुरुवात करा. कोकणातल्या घरांत मधाच्या रंगाची काच दिसली की माझा पहिला अंदाज फ्रान्सचा, म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकांत आखातातून बॅगेत आलेला माल. बुडावर टॉर्च अगदी आडवा धरा, 'वेरेको' किंवा 'ड्युरालेक्स' अशी फ्रेंच कंपन्यांची नावं उठावाच्या अक्षरांत दिसतील. ड्युरालेक्सच्या पेल्यात तळाशी आकडाही असतो. तो साच्याचा क्रमांक आहे, साल नव्हे. अनेकजण इथेच फसतात.

अक्षरं झिजली असतील तर लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडा, पोलराइज्ड गॉगल लावा आणि स्क्रीन काळी दिसेपर्यंत मान तिरकी करा. आता बशी मध्ये धरा. काळ्यावर उजळ किंवा रंगीत पट्टे उमटले तर काच टेम्पर्ड, म्हणजे तापवून झटकन थंड करून कणखर केलेली आहे. अशा काचेत ताण कोंडलेला असतो, त्यामुळे ती फुटली की एकदम बारीक खडे होतात. कडेचा टवका उडालेली बशी म्हणूनच वापरातून काढा, ती नंतर आपोआपही फुटू शकते. विकून फार पैसे येणार नाहीत, पण रोजच्या जेवणाला यांच्यासारख्या बश्या नाहीत.

हिरव्या वाडग्यांसाठी 365 नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च घ्या. स्वस्त टॉर्च 395 चे असतात आणि त्यांचा जांभळा उजेडच काचेवर चमकून गोंधळ करतो. अंधारात सगळं भांडं सारखं, झगझगीत पोपटी दिसलं तर काचेत युरेनियम आहे. मंद, मरगळलेला हिरवा दिसला तर बहुधा मँगनीज. तरीही युरेनियम म्हणजे जुनं, असं समीकरण नाही. अशी काच आजही बनते. फडताळात ठेवायला हरकत नाही, पण तीत कोकमाचं आगळ, लोणचं किंवा चिंचेचा कोळ भरून ठेवू नका.

बुडावर देशाचं नाव असेल तर वयाचा अंदाज पक्का होतो. 'चेकोस्लोव्हाकिया' असेल तर 1918 ते 1992, 'वेस्ट जर्मनी' असेल तर 1949 ते 1990. 'येरा' असेल तर माल आपल्याकडचा, बडोद्याच्या अलेम्बिकचा. काहीच नसेल तर झीज बघा. खऱ्या वापरातले ओरखडे फक्त टेकणाऱ्या कडेवर आणि सगळ्या दिशांना असतात. एकाच दिशेच्या समांतर रेघा, त्याही खोलगट भागात, दिसल्या तर कुणीतरी पॉलिशपेपर फिरवलाय. साच्याची शिवण किंवा एखादा बुडबुडा म्हणजे खोट नव्हे; 1930 च्या आसपासच्या, साच्यात दाबून बनवलेल्या अमेरिकन काचेत या दोन्ही गोष्टी सर्रास आढळतात.

पिवळा वाडगा पायरेक्स या काचभांड्यांच्या ब्रँडचा असू शकतो. अमेरिकन पायरेक्सचा चार रंगांचा संच 1940 च्या दशकात आला, त्यात सगळ्यात मोठा वाडगा पिवळा. मुकुट आणि 'जेएजे' अक्षरं असतील तर तो इंग्लंडच्या जॉबलिंगचा. यात काच पांढरी आणि रंग बाहेरून भाजलेला असतो, त्यामुळे तारेची घासणी आणि डिशवॉशर दोन्ही वर्ज्य. जुन्या रंगांत शिसं किंवा कॅडमियम असू शकतं, म्हणून रंग सुटत असेल तर तो फक्त शोभेला ठेवा.

आपल्या हवेत एक जास्तीची अडचण: काच पांढुरकी होते. भांडं ओलं केल्यावर डाग दिसेनासा होऊन वाळल्यावर परत आला, तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवा. गेला तर तो पाण्यातल्या क्षारांचा थर होता. राहिला तर काचच खाल्ली गेली आहे, आणि त्यावर घरगुती इलाज नाही. एकात एक रचलेल्या भांड्यांमध्ये ओल अडकते, ती काचेतला सोडियम ओढून घेते, क्षारीय होते आणि पृष्ठभाग पोखरते. तेव्हा वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर परत टाकू नका, कागद ओल धरून ठेवतो. पूर्ण कोरडी करून फळीवर सुटी सुटी मांडा आणि पावसाळ्यात अधूनमधून पुसत राहा.