इंजेक्शननंतरचा ताप आणि जड पडणारा पाय

प्रश्न : माझं वय ३४. मल्टिपल स्क्लेरोसिससाठी (मज्जातंतूंवरचं आवरण विरत जाण्याचा आजार) मला इंटरफेरॉन बीटाची, म्हणजे या आजाराचे अटॅक कमी करणारी, इंजेक्शनं सुरू आहेत, आठवड्यातून तीनदा. सकाळी घेते. दुपारी हुडहुडी भरते, ताप येतो, अंग मोडून येतं. बरा झालेला डावा पाय पुन्हा जड पडतो, नजरही धूसर होते. मांडीवर लाल चट्टे उठलेत. औषध लागूच पडत नाहीये का? डॉक्टरांना न सांगता अधूनमधून डोस गाळते, तेव्हा छान वाटतं. – एक वाचक

उत्तर : आधी पायाचं बोलू, कारण तुमची खरी धास्ती ती आहे. इंटरफेरॉननंतर काही तासांनी ताप चढतो आणि बहुतेक वेळा चोवीस तासांच्या आत उतरतो. ज्या मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण आधीच विरलंय, त्यांच्यातून जाणारे संदेश अंग तापलं की आणखी रखडतात. त्याला अर्धा अंश वाढही पुरते. म्हणून जुनीच दुखणी डोकं वर काढतात, तोच पाय, तोच डोळा. व्यायामानंतर रुग्णांची नजर अंधुक होते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उट्‌हॉफ यांनी १८९० मध्ये नोंदवलं. आजही हा प्रकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ताप उतरल्यावर पाय पुन्हा पहिल्यासारखा चालत असेल, तर हा आजाराचा नवा अटॅक नव्हे. मात्र ताप नसताना नवीन काही सुरू झालं, किंवा जुनी तक्रार चोवीस तास उलटूनही हटली नाही, तर वाट बघू नका, डॉक्टरांना फोन करा.

इंजेक्शन सकाळी का घेता? झोपण्याआधी घेता येईल का ते विचारा, म्हणजे हुडहुडीचा बराच वेळ झोपेत निघून जाईल. सोबत पॅरासिटामॉल चालतं, पण किती आणि केव्हा ते डॉक्टरांनाच ठरवू द्या; इंटरफेरॉनचाही यकृतावर ताण येतो, म्हणून तर रक्त तपासायला सांगतात. ती तपासणी टाळू नका. डोस एकदम पूर्ण सुरू केला असेल, तर कमी मात्रेपासून चढवत नेता येतो. बहुतेकांचा हा ताप पहिल्या काही महिन्यांनंतर ओसरतो.

आता चट्टे. इंजेक्शन घ्यायला शिकवणं हेच माझं काम, त्यामुळे मी पेशंटला समोर बसवून टोचून दाखवायला लावते. काय दिसतं? फ्रिजमधून काढलेली गारेगार सिरिंज, स्पिरिट वाळायच्या आत घुसवलेली सुई, आणि हाताला सोपी पडते म्हणून दर वेळी तीच मांडी. सिरिंज अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा. (गरम पाण्यात बुडवायची नाही. तेही पाहिलंय.) कातडी पूर्ण वाळू द्या. मांड्या, पोट, दंडाची मागची बाजू, नितंब, अशी जागा फिरवत राहा आणि कुठे टोचलं ते लिहून ठेवा, कारण आठवत नाही. लाल किंवा कडक झालेल्या जागी पुन्हा सुई नको. चट्टा काळा पडला किंवा त्यातून पाणी येऊ लागलं, तर लगेच दाखवा.

डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, मन सतत खचलेलं राहणं, हेही या औषधाने होऊ शकतं. जगणं नकोसं वाटू लागलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला सांगा.

राहिले गाळलेले डोस. ते घेतले नाहीत की ताप नाही, म्हणून बरं वाटतं. आजार मात्र आत आपलं काम करत राहतो. शिवाय उद्या एमआरआयमध्ये नवा डाग दिसला, तर डॉक्टर म्हणणार औषध निकामी ठरलं, आणि तुम्ही न घेतलेल्या औषधावर फुली मारून दुसरं लिहून देणार. सगळं करूनही सोसवत नसेल तर इतर औषधं आहेत, दोन आठवड्यांतून एकदा टोचायचं इंटरफेरॉन आहे, गोळ्याही आहेत. पण ती निवड करायला तुमचा खरा हिशेब लागतो. तेव्हा पुढच्या भेटीत पहिलं वाक्य गाळलेल्या डोसांचंच बोला. रागावले तर रागावू द्या.