सिकलसेल असलेल्या मुलाचे वजन वाढत नाही आणि तो रात्री घोरतो. कोणते टॉनिक द्यावे?

आपल्या सात वर्षांच्या मुलाला सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आहे, त्याचे वजन वाढत नाही, तो तोंड उघडे ठेवून घोरतो आणि अंथरूण ओले करतो, असे आपण लिहिले आहे. मी सोलापुरात बालआहारतज्ज्ञ म्हणून काम करते, तरीही टॉनिकाआधी त्याच्या घोरण्याची तपासणी करावी, असेच सांगेन.

या आजारात टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकाच्या मागे असलेली टॉन्सिलसारखी गाठ) वाढून झोपेत श्वास अडण्याचे प्रमाण इतर मुलांपेक्षा अधिक असते. श्वास अडल्यावर रक्तातला ऑक्सिजन घटतो, आणि तो घटला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात व वेदनेचा झटका येऊ शकतो. पेशी सतत तुटत असल्याने नव्या तयार करण्यात या मुलांची बरीच ऊर्जा आधीच खर्च होते. त्यात रात्रभर श्वासासाठी धडपड झाली, तर खाल्लेले अंगी कसे लागणार? शिवाय टॉन्सिल मोठे असतील तर आपली कडक भाकरी गिळताना त्रास होतो आणि मूल अर्ध्या जेवणातून उठते. तो त्याचा हट्ट समजू नये.

झोपेतल्या श्वासाचा मोबाइलवर व्हिडिओ काढून बालरोगतज्ज्ञांना आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावा. दिवसा ऑक्सिमीटरवर आकडा चांगला आला, तरी रात्रीचा त्रास नाही असे ठरत नाही. त्यासाठी झोपेची तपासणी, म्हणजे रात्री झोपेत श्वास आणि ऑक्सिजन मोजणारी तपासणी, लागते. शस्त्रक्रिया ठरल्यास सिकलसेलची माहिती भूलतज्ज्ञांना आधीच द्यावी, कारण काही मुलांना त्यापूर्वी रक्त चढवावे लागते.

अंथरूण ओले होते म्हणून संध्याकाळनंतर पाणी बंद करणे मात्र धोक्याचे आहे. या आजारात मूत्रपिंडांना लघवी दाट करता येत नाही, त्यामुळे पाणी अधिक बाहेर जाते, आणि मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर गेलेल्या सोलापुरात शरीर कोरडे पडले तर वेदनेचा झटका येऊ शकतो. श्वासाच्या अडथळ्यानेही अंथरूण ओले होते, हेही डॉक्टरांना सांगावे.

‘रक्त कमी आहे’ म्हणून लोहाचे टॉनिक स्वतःहून देऊ नये. तुटलेल्या पेशींतले लोह बहुतांशी शरीरातच राहते आणि वारंवार रक्त चढवल्यास ते साचते. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, रक्तातून तपासूनच निर्णय व्हावा. फॉलिक ॲसिड डॉक्टरांनी दिले असल्यास चालू ठेवावे. जस्त आणि ड जीवनसत्त्वाबद्दलही विचारावे, कारण या मुलांत दोन्हींची कमतरता बरीच आढळते. जेवण थोडे-थोडे, पाच-सहा वेळा द्यावे: दुधात किंवा आमटीत कुस्करलेली ज्वारीची भाकरी, त्यावर तूप, दह्यात कालवलेली कमी तिखट शेंगाचटणी, अंडे, मऊ डाळभात.